चौथं सिलिंडर

आधी वास आला. सडक्या अंड्यांचा.
मी पावांवरचं कापड उचलून पाहिलं, मग माझीच बाही हुंगली,
मग एलेनेच्या शाळेच्या डब्याला दोष दिला.
गाडी निमूट.
चढावर तेवढी दमेकऱ्यासारखी थांबायची,
आणि समोर तो पिवळा दिवा,
भिंतीवर पाल बसावी तसा. हलत नाही, जातही नाही.

रुस्तावीत पहाटे साडेचारला भट्टी तापते,
पाचला माझी ओपेल दारात,
सातच्या आत नव्वद शोती, सात दुकानं.
पाव कुणासाठी थांबत नाही.
आणि गाडीची तपासणी एकोणीस तारखेला.

दीर झ्वियाद म्हणाला, कापून टाक.
नुसती पोकळ नळी, सेन्सरला चकवायला एक बोंडूक,
ऐंशी लारीत काम. जुना डबा वर विकला जातो.
बाजाराच्या मागे एक माणूस बसतो,
डब्यावरचा नंबर वाचून सोनाराच्या थंडपणाने आकडा सांगतो:
साडेतीनशे.
आतल्या जाळीत चिमूटभर प्लॅटिनम असतं म्हणे.
सात वर्षं मी दागिना पोटाखाली बांधून
खड्ड्यांतून आपटत नेला,
आणि कानातली मात्र गहाण.

रात्री पावाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं:
कंपनीचा नवा, अठराशे. खोडलं.
भंगारातला, पाचशे. कुठल्या अपघाताचा कोण जाणे.
चिनी, तीनशे ऐंशी, जोडणावळ वेगळी.
पोकळ नळी: उलट दोनशे सत्तर हातात.
हे खोडलं नाही. त्यावर पेन ठेवून झोपले.

गोचाने गाडी वर उचलली,
रबरी हातोडीने डब्यावर टिचकी मारली.
आत खुळखुळलं, वाळल्या शेंगेसारखं.
मग सेन्सर काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा घातला:
मधाच्या पोळ्यासारखी जाळी,
पण निम्मी घरं वितळून एकमेकांत गेलेली,
दारं बंद.

"चिनी घालशील?"
"घालतो. सहा महिन्यांनी पुन्हा ये, पुन्हा घालतो."
तो हात पुसत होता त्या फडक्याला
ज्याने हात अजून काळे होतात.
"हा आपणहून मेला नाही, लामझिरा. ह्याला मारलंय."
चौथ्या सिलिंडरची कॉइल मधूनच ठिणगी चुकवते.
न जळलेलं पेट्रोल तसंच मागे येतं
आणि इथे, ह्या नाजूक घरांत, पेटतं.
म्हणजे रोग म्हशीला
आणि मी इंजेक्शन पखालीला देत होते, तेही उधारीवर.

कधीपासून गचके देते, त्याने विचारलं.
बद्री पोलंडला गेला त्या हिवाळ्यापासून.
मी रेडिओ मोठा करायचे.

कॉइल पंचावन्न, चार प्लग बत्तीस. आधी ते.
आठवडाभर तशीच चालवली, वास सोसत.
मग गंजलेले बोल्ट. तीन लालबुंद तापवून सुटले,
चौथा तुटला, त्यावर गोचाने माझ्यासमोर म्हणू नये ते म्हटलं.
जोडणावळ एकशे वीस.
बाजारामागच्या माणसाने वितळलेली जाळी पाहून
तीस कापले, तीनशे वीस मोजले.
माझ्याकडे दोनशे सत्तावीस.
चाळीस कमी.

तपासणीच्या दिवशी एका पोराने
धुराच्या नळीत नळी सारून आकडा वाचला, शिक्का मारला.
कुंपणापलीकडे पोलाद कारखान्याची चिमणी
तपकिरी धूर सोडत होती, सावकाश.
तिच्यामागे रांग नव्हती.

चाळीस लारी गोचा पावांत घेतोय.
रोज दोन शोती. आज अकरावा दिवस.
पाव हातात घेण्याआधी बॉनेट उघडायला लावतो,
डोकं तिरकं करून ऐकतो: एक, दोन, तीन,
आणि जरा थांबून, चार.
मग तोडतो. पावावर अंगठ्याचा काळा ठसा उठतो.
तो तसाच खातो.