मूळ आरपार

वडील लोखंडी सळई घेऊन निघायचे.
पाइन तोडून तीन वर्षं झालेल्या बुंध्यांभोवती
वाकून चालायचे, हळू,
जमिनीची नाडी बघत असल्यासारखे.
सळई खुपसायची, उपसायची,
टोक नाकाशी न्यायचं.
पांढरं पीठ चिकटलेलं दिसलं की म्हणायचे, "आहे."
एवढंच.
आमच्या घरात आनंदासाठी हा एकच शब्द होता.

फूलिंग. अळंबीच म्हणायची,
पण तिला छत्री नाही, देठ नाही.
काळपट, खरबरीत, रताळ्याच्या लांबच्या नात्यातली,
मेलेल्या झाडाच्या मुळांना बिलगून
अंधारात फुगत राहते.
वर काढली की तिला घाम आणायचा.
गवताखाली ढीग झाकून ठेवायचा,
थेंब फुटले की वाळवायचं, पुन्हा झाकायचं,
सालीला सुरकुत्या पडेपर्यंत.

मग सुरी आईच्या हातात.
रुआन सूहे, अख्ख्या गावात
इतकी पातळ चकती कुणी कापत नसे.
पण तिचा अर्धा अंगठा लहानपणीच
मळणीयंत्रात गेलेला,
म्हणून प्रत्येक चकती एका कडेला
केसभर जाड उतरायची.
व्यापारी किलोमागे दोन युआन कापायचा.
"हे तुझ्या अंगठ्याचे," म्हणायचा, हसत.
आईही हसायची. मी नाही.

एखाद्या गड्ड्यातून पाइनचं मूळ
आरपार गेलेलं निघे,
पांढऱ्या चकतीत मधोमध तपकिरी डोळा.
त्याचं नाव वेगळं, फूशन. भावही वेगळा.
ज्याचं मन थाऱ्यावर नाही, झोप उडालीय,
त्याला देतात वैद्य.
"आपल्यासाठी नाही ते," वडील म्हणायचे,
"आपल्याला झोप फुकट येते."

दोन हिवाळ्यांपूर्वी आई गेली.
तेव्हापासून वुहानमध्ये माझा फोन
पहाटे तीनला वाजतो.
"तिकडे थंडी आहे का?"
आहे, बाबा.
"बरं."
आणि मग कुणीच फोन ठेवत नाही.

शिफ्ट संपवून एकदा मी
नदीकाठच्या जुन्या औषधांच्या दुकानात गेले.
छतापर्यंत खण, खणांना पितळी कड्या.
म्हातारा वैद्य विचारू लागला,
वडिलांची जीभ कशी दिसते? कडा लाल आहेत?
पाय गार पडतात?
मला काहीच माहीत नव्हतं.
मला फक्त वेळ माहीत होती.
त्यानं हातातल्या काट्यावर
बारा-बारा ग्रॅम तोलले, सात पुड्या बांधल्या,
आणि ओशाळून म्हणाला,
"माल जरा जुना आहे, तीनएक वर्षांचा,
थोडे कमी द्या."

बसमध्ये एक पुडी सोडून पाहिली.
तपकिरी डोळे.
आणि एकेका चकतीची एक कड
केसभर जाड.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.
वडिलांनी पुडी खिडकीशी नेली,
कडेवरून अंगठा फिरवला,
मग उलट दिशेनं पुन्हा.
नाकाशी नेली.
"आहे," म्हणाले.

सहा पुड्या त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या,
डबा कपाटात, कपाटाला कुलूप.
सातवी मातीच्या भांड्यात घातली,
तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत
चुलीपुढून हलले नाहीत.
अर्धी वाटी मला दिली. मी म्हटलं,
मला कशाला, मला तर झोप येते.
"खोटं," म्हणाले.
चव अशी नव्हतीच,
ओल धरलेल्या चुन्याच्या भिंतीचा वास
गरम करून प्यावा, तसं काहीसं.

मी खुर्चीतच झोपले.
ते झोपले की नाही, कुणाला ठाऊक.

आमच्याकडची रीत अशी, की काढ्याचा चोथा
रस्त्यावर फेकायचा,
येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आजार तुडवून न्यावा म्हणून.
सकाळी दाराबाहेरचा रस्ता कोरडा होता.
उकळलेल्या चकत्या वडिलांनी
खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घातल्या होत्या,
एकीला एक न चिकटवता,
सगळ्यांच्या जाड कडा
घराकडे करून.