सुकती

मागच्या खुर्चीत मी, मांडीवर वही.
निरीक्षकाने बोलायचं नाही, असा नियम.
पुढे डेल्मर हॅस्क्यू, ओक्लाहोमाचा,
तळ्यांवर वाढलेला.
चिकाहॉमिनीच्या या फाट्यात
सायप्रसच्या मुळांशी गळ टाकतोय.
टाकीत चार बास. पाचवा हवा.

त्याच्या तक्त्यातली ओहोटी
नदीच्या मुखाशी बाराला संपते.
इथे अजून दीड तास पाणी उतरतच राहतं.
बाबा खेकड्यांचे सापळे लावायचे,
मला हे अक्षरांच्या आधी आलं.

खोडांवरची ओली रेघ
बोटभर होती, वीतभर झाली.
"आता चढेल," तो स्वतःशीच म्हणाला.
मी लिहिलं: बारा चाळीस.
जीभ दाताखाली धरून लिहिलं.

पाचवा लागला. केवढा तरी!
तो वळून माझ्याकडे बघून हसला,
मीही हसले, तेवढं चालतं.
मग त्याने इंजिन सुरू केलं
आणि पंख्याने नुसता चिखल घुसळला.

वजनकाटा तीनला बंद.
तो उतरला, मांडीपर्यंत रुतला,
होडीला खांदा लावला.
हात लावायची मला मुभा आहे का,
हे मी नियमावलीत शोधत बसले.

पान सापडलं तोवर
एक बगळा आमच्या पुढून
चालत पलीकडे गेला.