साठावा दिवस

एकोणीसशे साली एकोणतीस फेब्रुवारी उगवलाच नाही.
शंभरानं भाग जातो, चारशेनं जात नाही,
म्हणजे लीप वर्ष नाही. शाळेतलं पोरही सांगेल.
पण फार पूर्वी कुण्या एका प्रोग्रॅमनं तो दिवस मोजला,
मागून आलेल्यानं, जुन्या फायली मोडू नयेत म्हणून,
जाणूनबुजून तीच चूक गिरवली,
आणि पुढे प्रमाणग्रंथाच्या हजारो पानांत
तिलाही एक कलम मिळालं.
शास्त्राहून रूढी बलवान म्हणतात;
इथे रूढीचंच शास्त्र झालं.

विर्वेला हे खपत नसे.
दिवसा ती तार्तूतल्या एका लाकडाच्या वखारीचे हिशेब लिहायची,
रात्री बर्चच्या ढलप्या शेगडीत सारून
फुकट वाटायच्या प्रोग्रॅमचा कोड.
पगार नाही, कौतुक क्वचित, तक्रारी रोज.
खिडकीखाली एमायोगी गोठलेली.

ओसियेकहून तिहोमिर लिहायचा,
"चूक असेल, पण जगाच्या फायली त्याच चुकीत राहतात.
आपण बरोबर राहू आणि एकटे पडू."
"उद्या कुणी दोन नि दोन पाच लिहून ठेवले तर?"
"किती फायलींत?" त्यानं विचारलं.
तो चेष्टा करत नव्हता.

जानेवारीत तिनं साठावा दिवस काढून टाकला.
सतरा ओळी. चाचण्या हिरव्या, मग नवी आवृत्ती.
त्या रात्री राईच्या पावावर
तिनं लोणी जरा जाडच लावलं.

मार्चमध्ये सारेमा बेटावरून पत्र आलं.
माइमू नावाची बाई, चर्चच्या जन्मनोंदी सांभाळणारी.
"तुमच्या नव्या आवृत्तीत आमची त्रेचाळीस बाळं
एकेक दिवस आधी जन्मली आहेत.
एक तर मागच्या सालात जाऊन पडलंय.
तेही चालवून घेऊ, त्यांच्यातलं कुणी भांडायला उरलेलं नाही.
पण मिहकेलच्या लीसूचं काय करू?
तिच्या रकान्यात नुसत्या फुल्या येतात.
पाद्र्यानं तर स्वच्छ लिहिलंय,
एकोणतीस फेब्रुवारी, एकोणीसशे."

पाद्री चुकला,
एवढं विर्वेनं टाइप केलं
आणि तिचा हात थांबला.

तेव्हा इथे झारचं राज्य. झारचं जुनं पंचांग.
त्यात दर चौथं वर्ष लीप, शंभराची सूट नाही.
म्हणजे इथे, याच बर्फावर, तो दिवस उगवला होता.
कुणी गाई पिळल्या, कुणी जाळी विणली,
आणि जुनिपरच्या धुरानं कोंदलेल्या खोलीत
एक पोरगी रडली.
नव्या हिशेबानं तिचा जन्म तेरा मार्चचा.
पण तिच्या आईनं तेरा मार्च पाहिलाच नव्हता,
तो यायला अजून दोन आठवडे होते.

चूक करणाऱ्याला लीसू ठाऊक नव्हती.
चूक ती चूकच.
वखारीत विर्वेनं पाहिलं होतं,
ओंडका पोखरता पोखरता किडा कधीतरी
हुबेहूब एखादं अक्षर कोरून जातो.
अक्षर खरं असतं. किड्याला वाचता येत नाही.
आणि आपण सतरा ओळींनी
ते अक्षर तासून टाकलं.

तिनं माइमूला कळवलं,
"तारखेच्या आधी एक अवतरणचिन्ह टाका, एकेरी.
मग प्रोग्रॅम तिला तारीख मानणार नाही,
लिहिलंय तसं राहू देईल."
बेटावरून एका ओळीचं उत्तर आलं:
"राहिली. आता तिचं वय काढता येत नाही, पण राहिली."

तिहोमिरला तिनं रात्री उशिरा लिहिलं,
जुनी मोजणी हवी त्याला मिळावी
असं एक बटण ठेवू या का, सेटिंगमध्ये, खूप आत कुठेतरी?
तो म्हणाला, ठेवू. पण बटणावर लिहायचं काय?
"सुसंगत" म्हणावं तर दुसरं आपोआप विसंगत ठरतं,
"अचूक" म्हणावं तर लीसू आहे.

बटण अजून बिननावाचं आहे.
त्रेचाळीस बाळं एक दिवस आधीच जन्मलेली,
आणि एमायोगीवरचा बर्फ
यंदा लवकर फुटला म्हणतात,
कुठल्या तारखेला, ते विर्वेनं लिहून ठेवलेलं नाही.