मुदत

नाव सांगत नाही.
सांगितलं, आणि एखाद्या मे महिन्यात पैसे भरायचे राहिले,
तर कुणीतरी टपलेलंच असतं.
एवढंच सांगते: चौदा अक्षरं, मग ठिपका, मग इन.
फैजपूरला, प्रांत ऑफिससमोर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
स्टुलावर बसून उखर्डू आप्पांनी
एकेक अक्षर बोटाने काचेवर लिहून दाखवलं होतं.

तलाठ्याची नोकरी संपली तेव्हा त्यांच्याजवळ
सहाशे बारा शेतांची नावं उरली होती,
सातबाऱ्यावर न बसणारी.
सवतीचं. घोडेबुडी. बाराचं टेपाड.
एक तर नुसतंच ‘नको’.
का नको, हे ठाऊक असलेला हिंगोण्याचा माणूस
आप्पा पोचायच्या आठवडाभर आधी गेला.

मी म्हटलं, वही पुरे की.
म्हणाले, वहीला वाळवी लागते. याला काय लागतं?
आठशे साठ रुपये लागतात, आप्पा. दरवर्षी.

त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेलेली.
म्हणून यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं,
सुपात घालून घरी आणलं
आणि नाव असं ठेवलं की मरणाने नाक मुरडून
पुढच्या दारी जावं.
अठ्ठ्याहत्तर वर्षं मरण फसलं.

आता मेल येतो:
प्रिय उखर्डू, आपली मुदत तीस दिवसांत संपत आहे.
मग पंधरा. मग सात.
मग लाल अक्षरांत, प्रिय वगैरे गाळून.
चार वर्षं झाली त्यांना जाऊन. कंपनीला कळवू कसं?
आणि कळवलं, तर हे नाव कुणाच्या नावावर?
मागच्या साली भुसावळचा एक प्लॉटवाला म्हणाला,
पंचवीस हजार देतो.
शेतं ठेवा तुमच्याकडे, मला नुसतं नाव द्या.

नाव टिकवायचं तर मेल चालू हवा,
मेलसाठी नंबर, नंबरासाठी रिचार्ज,
आणि रिचार्ज ज्यात घालायचा तो बटणांचा फोन,
पाचाचं बटण गेलेला, पाठीला रबर लावलेला,
न्हावीला, द्वारकाबाईंच्या तुरीच्या डाळीच्या डब्यावर.
दर गुरुवारी त्या तो चार्जिंगला लावतात.
तुळशीला पाणी घालून झाल्यावर.

यंदा शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याच्यानं झालं नाही.
दाखल्यांची गर्दी, पारा सत्तेचाळीस,
केळीची पानं कडेने जळालेली, लाईट गेलेली,
इन्व्हर्टर शेवटच्या काडीवर.
ओटीपी पाठवला आणि सुनेच्या मोबाईलवर फोन लावला.
दहा मिनिटं.
‘थांब व माय, चष्मा पाहू दे.’
सहा मिनिटं.
‘चार. सुन्न. सुन्न. हा सात हाय का एक?’
सात टाकला. एक होता.
‘पुन्हा पाठव,’ त्या म्हणाल्या,
आणि मला वाटलं की खुशीत म्हणाल्या.

दुसऱ्यांदा बरोबर आलं.
पुढच्या पानावर सवलत:
दहा वर्षांचं एकदम भरा, कटकट मिटवा.
मी म्हटलं, काकू, अर्धे मी घालते, भरून टाकू का?
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा. त्यांच्याकडे लाईट होती.
मग त्या म्हणाल्या,
‘एका सालाचंच भर.
दहाचं भरलं, त हा फोन मंग वाजीन कधी?
त्याच्यावर दुसरं कोन बोलते मले?’

एका सालाचंच भरलं.
इन्व्हर्टर मान टाकायच्या आत पावती आली,
उखर्डू झांबरे, धन्यवाद.

रात्री लाईट आल्यावर उघडून पाहिलं.
जरा वेळ गोल फिरलं, मग उघडलं.
खाली, पार खाली गेले,
सवतीच्या आणि घोडेबुडीच्याही पलीकडे.
‘नको’ होतं.
जागच्या जागी होतं.