कानाची पाळी

ओर्ता बंदरातून निघालो तेव्हा
धक्क्यावर कुणीतरी रंगवलेली होडी
अजून ओलीच होती.
मी झुल्मीरा. हायड्रोफोनवर बसते,
रात्री दहा ते सकाळी सहा.
हेडफोन इतका घट्ट
की पहाटेपर्यंत कानाची पाळी हुळहुळते,
आणि माझी पाळी संपत नाही.

खाली चार माणसं आहेत.
एक दातांचा डॉक्टर, आणि त्याची बायको,
जिला ही सफर वाढदिवसाची भेट होती.
तिसऱ्याचं नाव यादीत दोन तऱ्हांनी लिहिलंय.
चौथा चालवणारा, आमच्याच गल्लीतला इल्दबेर्तु.
त्याने गेल्या महिन्यात माझी शिडी नेली
ती अजून आणून दिलेली नाही.

नेमके कुठे? पत्रकार विचारतात,
नकाशावर बोट ठेवायला लावतात.
मी ठेवते.
बोटाखाली नऊ किलोमीटर झाकले जातात,
आणि तो नुसता वरचा कागद.

गवताच्या गंजीतली सुई, म्हणतात सगळे.
पण गंजी एका जागी थांबते तरी.
इथे पाणी तीन मजल्यांवर तीन दिशांना चालतं,
उबदार थराशी आवाज वाकतो,
हाक इकडे मारावी तर ओ तिकडून यावी.
ओ आलीच, तर.

तळाला ज्वालामुखीचे डोंगर.
सोनारच्या पडद्यावर प्रत्येक धोंडा
पाणबुडीएवढा.
एकसष्ट धोंड्यांना आम्ही क्रमांक दिले.
अठ्ठेचाळिसावा इतका गोल
की कप्तानाने छातीवर क्रूस काढला.
यंत्र उतरायला सात तास गेले.
धोंडाच होता. वर एक पांढरा स्पंज,
कुणी विसरून गेलेल्या रुमालासारखा.

किंवा ते केव्हाच वर आले असतील.
लाटांच्या फेसात एक पांढरा ठिपका:
जाहिरातीत शोभतो म्हणून निवडलेला रंग.
झाकणाचे बोल्ट बाहेरून आवळलेले.
म्हणजे आभाळाखाली तरंगतानाही
आमच्या पान्यावाचून हवा नाही.

आजोबा एवारीश्तू कड्यावरच्या खोपीत बसत,
भिंतीतल्या एका फटीला डोळा लावून.
वीस मैलांवरचा देवमाशाचा फवारा ओळखत
आणि रॉकेट उडवत. सारं गाव
हातातला घास टाकून होड्यांकडे धावे.
म्हणायचे, समुद्रात शोधायचं नसतं, पोरी.
त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं.
आपण फक्त डोळा मिटायचा नाही.

एवढंच त्यांचं शहाणपण, आणि ते मारण्यासाठी होतं.

तीन चाळीसला ठोके आले.
चार.
सात जहाजांना गप्प व्हायला सांगितलं;
शेवटचं इंजिन थांबेपर्यंत पाऊण तास गेला.
आचाऱ्याने फ्रीज बंद केला, लोकांनी बूट काढले.
कप्तान माझ्या तोंडाकडे बघत होता,
जणू मीच पाणी आहे.

मग पुन्हा: टक्, टक्, टक्,
सुताराने घाई न करता खिळे ठोकावेत तसे,
आणि ते दूर, उत्तरेकडे, सरकत गेले.
खिळे सरकत नाहीत. देवमासा सरकतो.
पण ते पहिले चार?
वहीत लिहिलं. खोडलं.
खोडलेलं पुन्हा वर लिहिलं.

फळ्यावर हवेचे तास लिहीत होते.
शून्याच्या आदल्या रात्री कुणीतरी
फळा पुसून त्यावर
जेवणाच्या वेळा लिहिल्या.
कुणी विचारलं नाही, कुणी.

नवव्या दिवशी परतलो.
एकसष्टपैकी चौतीस धोंडे पाहून झाले होते.
धक्क्यावरची होडी वाळली होती.

घरी अंगणातला दिवा गेलाय.
बदलायला शिडी हवी.
इल्दबेर्तुच्या आईने ती बाहेर आणून
भिंतीला टेकवून ठेवलीय, येता-जाता दिसेल अशी.
मी हल्ली चर्चच्या मागून जाते,
लांबच्या रस्त्याने.
अंधारात किल्ली हाताने चाचपते,
भोक सापडेपर्यंत.