सव्वा मूठ

कानबाईच्या आदल्या दिवशी काकू
सुपात गहू घ्यायची रोटासाठी,
घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ.
धुडकूकाकाचीही घालायची, चारही श्रावण.
ना पत्र, ना तार.
फक्त धुळ्याहून आलेला एक कागद,
त्यावरचा 'बेपत्ता' हा शब्द
पोस्टमनला तिनं तीनदा वाचायला लावला
आणि तो चिडला.

पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर
काका बेटावद स्टेशनवर उतरला
कुणाचा तरी कोट घालून.
कोटात माणूस शोधावा लागला.

सांगायचा नाही काही.
सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं, बहुतेक बैलाला
वैरण टाकताना. मी मागे उभा.
बेट. विमानांची धावपट्टी.
पोवळ्याचा दगड फोडायचा, पाटीनं वाहायचा,
पडेल त्याला काठी.
संध्याकाळी काड्यापेटीनं मोजून तांदूळ.
सपाट. शीग नाही.
(इथे तो बोटानं हवेतली शीग पुसायचा.)
मग तांदूळ संपले.
मग वेलीचा पाला, गोगलगायी, पट्ट्याचं चामडं.
जेवणाबद्दल बोलायचं नाही,
असा नियम त्यांनी आपसातच केला होता.
रावेरचा सुभान तडवी एका रात्री झोपेत बोलला:
कळण्याची भाकर, भरीत, वर कच्चं तेल.
सगळी बराक जागी झाली.
कुणी त्याला उठवलं नाही.

पुढच्या श्रावणात काका म्हणाला, सूप आन.
मी धरलं. सात वर्षांचा होतो.
इची, नी, सान, शी…
मला वाटलं, कानबाईचा मंत्र.
आजा, बाप, काका, मी.
घरातले पुरुष संपले, पण मूठ थांबेना.
गो.
"हाई कोनी?" काकूनं विचारलं.
"सुभाननी."
रोकू.
"बिशननी. गढवालना व्हता."
शिची.
"आरोग्यमनी."
तो मद्रासकडचा, गहू त्याला आवडायचा नाही,
हे सांगताना काका पहिल्यांदा हसला.
हाची.
"आनि हाई?"
"त्यानं नाव माले म्हाईत नही.
त्यानी माले पानी पाजं."

काकू म्हणाली, रोट भाऊबंदमाच खातस.
परक्यानं नाव नही घालतस.
काका काही बोलला नाही.
बोटानं सुपाच्या कडेचे दाणे
आत लोटत राहिला, एकेक.

मग काकू खाली बसली.
"तुले मोजता येस नही," म्हणाली,
"सव्वा मूठ ऱ्हास. नुस्ती मूठ नही."
आणि प्रत्येकाची राहिलेली पाव
तिनं स्वतः टाकली,
चिमटीनं नव्हे, ओंजळ वाकडी करून,
शीग लावून,
आठ वेळा.

रोट खूप झाले त्या वर्षी.
शेजारीपाजारी विचारत होते.
आम्ही घरातच संपवले.
ते बाहेर द्यायचे नसतात.