दोन रुपयांचा आक्षेप

तेलुगू माध्यमाची शाळा, खोली क्रमांक चार.
भिंतीवरची मुळाक्षरं मला वाचता येत नाहीत.
मी मोहोळचा मास्तर, आजच्यापुरता केंद्राध्यक्ष.
पंखा आहे, फिरतो म्हणण्यापुरता.
सोलापूरचं ऊन साडेनऊलाच पत्र्यावर चढलेलं.

राजव्वा आत आली ती
मांडीवर सूप नसलं की हात कुठं ठेवावेत
हे न कळणाऱ्या बाईसारखी.
कार्डावर राजव्वा नरसय्या कोंडाबत्तिनी,
यादीत राजवा नरसिंग कोडबत्ती,
आणि दोन्हीकडं फोटो एका तरण्या बाईचा,
जी आता रस्त्यात भेटली तर
मलाच ओळखू येणार नाही, म्हणाली.

खिडकीजवळच्या बाकावरून मल्लिनाथ उठला.
"सर, आक्षेप."
आणि नियमाप्रमाणं टेबलावर ठेवलं
दोन रुपयांचं नाणं.

वाईट पोरगा नव्हे. त्याच्या यादीत लाल पेनानं
सतरा नावांभोवती गोल केलेले.
"ही सगळी वारलीत सर. तरी मत देत्यात.
तुम्हाला काय ठाऊक?"

मला ठाऊक आहे.
मागच्या खेपेला आमच्या गावात अण्णा मत देऊन गेले,
जाऊन अकरा महिने झाल्यावर.
नोंदवहीत माझ्या सहीच्या वरच्याच ओळीत त्यांचा क्रमांक,
पुढं सही. झोकदार, शेपटी काढलेली.
अण्णा जन्मभर अंगठा लावायचे.

म्हणून मी मल्लिनाथला खाली बस म्हणालो नाही.

चौकशी करायची असते. थोडक्यात, असं पुस्तिकेत आहे.
"नवऱ्याचं नाव सांगा, आजी."
राजव्वा पदराशी चाळा करत राहिली.
"बघा सर! सांगता येईना."
"येतंय की," ती म्हणाली, "घेत नसत्यात."
मग स्वतःच: "ते घरी हायेत. एक्क्याऐंशीचे. उठवत नाही.
घरी येऊन मत घेणारे साहेब शेजारी आले होते,
आमच्यात नाही आले.
चार वर्षं कमी पडालीत म्हणे.
आता ती मी कुठनं आणू?"

मी दाराशी गेलो, रांगेला विचारलं,
यांना कोण ओळखतं?
रांग आधी हसली.
मग एका दमात सगळ्या बाया, तंबाखूच्या वासासकट:
"मा राजव्वा!"
मी दचकलो. वाटलं, आईला हाक मारली.
'मा' म्हणजे 'आमची',
क्रमांक दोनच्या अधिकाऱ्यानं समजावलं.
हा पुरावा
चालणाऱ्या कागदपत्रांच्या यादीत नाही.
मी तो धरला.

अंगठा उमटला तो नुसता जांभळा ठिपका.
पन्नास वर्षं पानं वळून वळून रेषा गेलेल्या.
रेशनचं मशीन या अंगठ्याला दर महिन्याला
तीनतीनदा नाही म्हणतं.
वहीनं मुकाट्यानं घेतला.
त्यावर मल्लिनाथचाही आक्षेप नव्हता.

मत देऊन ती माघारी टेबलाशी आली.
"हे दोन रुपये कुणाचे आता?"
सरकारजमा, मी म्हणालो.
तिनं मनात काही मोजलं.
"धा विड्या," म्हणाली. "बसून कमावले की सरकारनं."
आणि गेली.

मी पाकिटावर क्रमांक घातला, नाणं आत सरकवलं.
तोवर पुढची बाई उभी.
कार्ड कोरं करकरीत, नाव सुवाच्य,
फोटो कालच काढल्यासारखा तोच चेहरा.
यादीत नाव नाही.
आम्ही तिघांनी तीनदा पाहिलं.
मागच्या खेपेला याच खोलीत दिलं होतं, ती म्हणत राहिली,
याच खोलीत, तेव्हा टेबल तिकडं होतं.

मी मल्लिनाथकडं पाहिलं. तो आपली यादी चाळत होता.
हिच्यासाठी कुणाला
दोन रुपयेसुद्धा खर्चावे लागले नव्हते.